जुन्या खोगिराची ओढ: कातडे, टाका आणि भरती

जुन्या घोडेसाजाविषयी जिव्हाळ्याने बोलणाऱ्यांच्या मनात बहुधा १८५० ते १९५० या शतकातला साज असतो: ओकच्या सालीने कमावलेले कातडे, बीच वृक्षाच्या लाकडाचा सांगाडा, आत लोकर, हाताने घातलेले टाके. खोगीर आणि रिकीब त्याहून कितीतरी जुने. उत्तर चीनमधल्या फंग सूफू याच्या इ. स. ४१५ च्या थडग्यात तुतीच्या लाकडाच्या, मुलामा दिलेल्या पत्र्याने मढवलेल्या रिकिबींची जोडी सापडली आहे. पण आजची ओढ कारागिरीच्या त्या शेवटच्या शतकाची आहे, आणि तिला ठोस कारणे आहेत.

पहिले कारण कातडे. ओकच्या सालीच्या अर्कात जाड चामडे वर्षभर किंवा त्याहूनही जास्त मुरत पडे. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये क्रोम-कमावणीचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याचे, पेटंट घेतले आणि पुढे हे काम महिन्यांवरून दिवसांवर आले. क्रोमचे चामडे मऊ असते, पाण्याला टिकते. पण ताणले जाते आणि त्याची कड घासून गुळगुळीत होत नाही. जुन्या लगामाची कड बोटाला काचेसारखी लागते, ती सालीच्या कमावणीमुळे.

दुसरे कारण टाका. मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि दोन्ही सुया एकाच भोकातून विरुद्ध दिशांनी. एक टाका झिजून तुटला तरी दुसरा दोरा शिवण धरून ठेवतो. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा मधेच एकमेकांत अडकलेले असतात. वरचा झिजला की शिवण उसवत जाते. रिकिबीच्या वादीवर स्वाराचा जीव टांगलेला असतो, म्हणून तिथे हातशिवणीला आमच्या मते पर्याय नाही.

खरी गोष्ट मात्र भरतीची. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी गर्दीसाठी वापरतो. खुद्द खोगिरात सगळा भार या भरतीवर असतो. सांगाडा वजन कण्याच्या दोन्ही बाजूंना वाटून देतो, आणि लोकर तो दाब पाठीवर पसरवते. लोकर वापराने दबते, खोगीर पुढे बसते आणि सांगाड्याची पुढची कमान घोड्याच्या खांद्यांमधल्या उंचवट्याला टेकते. कुठे गाठ झाली तर तिथे पाठ सोलवटते. जखम भरल्यावर त्या जागी अनेकदा पांढरे केस उगवतात. उपाय साधा होता: गादी उघडायची, गाठ झालेली लोकर काढायची, नवी पिंजून भरायची. फोमची गादी एकदा बसली की बदलावीच लागते. जुना साज उघडून दुरुस्त करता येत असे, याच गुणासाठी माणसे आजही तो शोधतात.

सगळेच जुने परत यावे असे नाही. फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) या इटालियन अधिकाऱ्याने उडी मारताना पुढे झुकून घोड्याच्या चालीबरोबर राहायला शिकवले. त्यानंतर उडीच्या खोगिराचे पाखे, म्हणजे स्वाराच्या पायाखाली दोन्ही बाजूंना लोंबणारे कातड्याचे भाग, पुढे सरकले, गुडघ्याला आधार आला. त्याआधीच्या सपाट, सरळ पाख्यांच्या खोगिरावरून उडी मारली तर स्वार मागे पडतो आणि लगामाला लोंबकळतो. निकेलची पिवळसर कडियाळी (लगामाचे घोड्याच्या तोंडात बसणारे धातूचे भाग) दिसायला सुरेख, पण धातू मऊ: सांध्यात झिजतात, धार येऊन ओठ कापतात, कधी तुटतातही. साध्या पोलादाची गंजत, म्हणून रोज वाळूने घासावी लागत. हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये शेफील्डला गंजरोधक पोलाद तयार केल्यानंतरच्या काळात हा जाच हळूहळू संपला.

तंगाच्या, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याच्या, बाबतीत जुन्यांचे ऐकावे. तिपदरी कातडी तंगाच्या घडीत तेलात भिजवलेली फ्लॅनेलची पट्टी ठेवत, म्हणजे कातडे आतून मऊ राही. घडीची गोल बाजू पुढे, घोड्याच्या पुढच्या पायाच्या कोपराकडे, नाहीतर उघड्या कडा त्याची कातडी कापतात.

जुने खोगीर घोड्यावर घालण्याआधी पुढची कमान दोन्ही हातांनी दाबून आणि ताणून पाहावी. ती हलली किंवा आतून कुरकुर आली तर सांगाडा मोडलेला आहे. तंग अडकवण्याच्या तीन पट्ट्यांपैकी पुढची एका नवारीवर आणि मागच्या दोन दुसऱ्या नवारीवर शिवलेल्या असतात. म्हणून पुढची पट्टी आणि मागच्यांपैकी एक वापरावी. एक नवार तुटली तरी दुसरी धरते. आणि कातड्याची लालसर भुकटी हाताला लागत असेल, तर आतला तंतूच संपलेला आहे. कितीही तेल पाजले तरी ते परत येत नाही. असे खोगीर भिंतीवर टांगावे, पाठीवर घालू नये.