रोबोटिक्स शिक्षक-प्रशिक्षण: अर्ज नेमका कुठे अडकतो

हायस्कूलच्या शिक्षकांना रोबोटिक्स प्रशिक्षणाचा अर्ज भरताना धास्ती वाटते ती कोडिंगची. अर्ज बाद होतात ते मात्र शाळेकडून यायच्या कागदांपायी.

आधी पात्रता. सूचनेत ‘माध्यमिक वर्गांना शिकवणारे’ एवढंच म्हटलं असेल, तर गणित, भूगोल, भाषा, कुठल्याही विषयाच्या शिक्षकाने अर्ज करावा. कुणी मागितलेलीच नसताना संगणकाची पदवी नाही म्हणून मागे राहणारे चांगले शिक्षक पाहिले की वाईट वाटतं. ओळखपत्र, पदवी आणि सेवेचा दाखला या तिन्हींवर नाव सारखं असावं, इतकंच.

खरी अडचण मुख्याध्यापकांच्या संमतीपत्राची. बहुतेक जण एका ओळीचं पत्र जोडतात: ‘सदर शिक्षकांस प्रशिक्षणास पाठविण्यास हरकत नाही.’ ही झाली ना-हरकत. छाननी करणाऱ्याला कळायला हवं असतं ते वेगळंच: कोणत्या तारखांना कार्यमुक्त करणार, त्या दिवसांच्या तासिका कोण घेणार, आणि परत आल्यावर वेळापत्रकात रोबोटिक्ससाठी आठवड्याला किती तासिका देणार. कार्यालयं याचा साधा नमुनाही देत नाहीत आणि नंतर ‘अपूर्ण’ असा शेरा मारून मोकळी होतात. म्हणून मसुदा तुम्हीच करा आणि सहीला न्या.

साहित्याच्या यादीत डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची, नक्कल करू नका. लेगोचा माइंडस्टॉर्म्स ईव्ही-३ हा रोबोट जोडण्याचा संच २०२१ मध्ये बंद झाला आणि २०२२ अखेर ती मालिकाच संपली. कपाटात संच असला तरी सुटे भाग मिळतील हे गृहीत धरू नका. मायक्रोबिट हा कोडिंग शिकवण्याचा छोटा बोर्ड असेल तर त्याची आवृत्ती लिहा. २०१६ च्या पहिल्या बोर्डावर मायक्रोफोन आणि स्पीकर नाहीत, ते २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. शाळेच्या संगणकावर सॉफ्टवेअर टाकण्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, तेही आत्ताच विचारून ठेवा.

नमुना पाठ मागितला असेल तर ‘रोबोट तयार करणे’ असं टाचण पाठवू नका. रोबोटने कोणता घटक शिकवणार, ते दिसू द्या. उदाहरणार्थ ध्वनीचा वेग. अल्ट्रासॉनिक सेन्सर कानाला ऐकू न येणारी ध्वनिलहर सोडतो, ती भिंतीवर आपटून परत येते, सेन्सर लागलेला वेळ मोजतो. २० अंश सेल्सिअसला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. वेगाला वेळेने गुणलं की अंतर यायला हवं. मुलांचं उत्तर दुप्पट येतं, कारण मोजलेला वेळ जाण्यायेण्याचा असतो. मग मुलं टेप घेऊन भिंतीपर्यंतचं अंतर मोजतात आणि चूक स्वतःच शोधतात. टाचणात ही जागा जरूर लिहा. नुसत्या जोडणीच्या आकृतीपेक्षा ती कितीतरी जास्त सांगते.

राहिली शेवटची तारीख. ऑनलाइन अर्जात तुम्ही ‘सादर करा’ दाबलं म्हणजे काम झालं असं समजू नका. शाळेची मंजुरी लागणार असेल तर अर्ज आधी मुख्याध्यापकांच्या लॉगिनला जातो, आणि मुदत बहुधा त्या मंजुरीसाठीही तीच असते. शेवटच्या रात्री भरलेला अर्ज तिथेच पडून राहतो आणि शिक्षकाला मात्र पोच मिळाल्यासारखं वाटत राहतं. निदान आठवडाभर आधी भरा, मुख्याध्यापकांना समक्ष भेटून मंजुरी घ्या, आणि स्थिती ‘मंजुरी प्रलंबित’वरून बदलल्याचं स्वतः पाहून त्या पानाची प्रत काढून ठेवा.