एका खोलीच्या तीन किमती : गिरगावातल्या घरांची पार्श्वभूमी

गिरगावात घर बघायला गेलेल्या माणसाला एकाच मजल्यावर तीन निरनिराळे आकडे ऐकायला मिळतात. डावीकडच्या खोलीतले आजोबा महिन्याला दोनशे-अडीचशे रुपये भाडं भरतात. उजवीकडची तेवढीच खोली रिकामी होते आहे आणि तिची पागडी, म्हणजे ताबा घेताना द्यायची ठोक रक्कम, लाखांत बोलली जाते आहे. समोरच्या वाडीत चाळ पाडून मनोरा उभा राहिला आहे, तिथे चौरस फुटाचा दर पन्नास हजारांच्या पुढे आहे. हे तिन्ही आकडे खरे आहेत. एकाच जागेच्या किमती इतक्या फाटल्या कशा, हे समजून घ्यायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

गिरगावची जुनी ओळख तिथल्या नावांत शिल्लक आहे. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही बागांची नावं आहेत. बोरभाट आणि मुगभाट यांतला भाट म्हणजे लागवडीची जमीन. कोटाबाहेरच्या या बागायतीत जमीनदार होते, देवस्थानं होती, तुरळक वस्ती होती. खोताची वाडी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची. तिथले तुकडे ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या, मुंबई परिसरातल्याच मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांनी घेतले आणि लाकडी जिन्यांची, पुढे ओटा असलेली घरं बांधली. पोर्तुगीज चर्च म्हणून ओळखलं जाणारं सेंट तेरेसा चर्च मुळात १७७३ सालचं. फणसवाडीत पारशांचं दादीशेठ आतशबेहराम १७८३ पासून आहे, आणि त्याच वाडीत पुढे दाक्षिणात्यांचं व्यंकटेशाचं देऊळ झालं. म्हणजे इथली सरमिसळ चाळींच्या आधीपासूनची आहे. चाळींनी तिला दाटी दिली.

चाळी बांधल्या त्या व्यापारात पैसा मिळवलेल्या माणसांनी. १८६० च्या दशकातल्या कापसाच्या तेजीनंतर मुंबईत माणसांचा लोंढा आला. रत्नागिरी-सावंतवाडीकडचे कारकून, छापखान्यातले खिळे जुळवणारे, गोव्याचे बोटीवर जाणारे खलाशी, काठेवाड-कच्छचे गुमास्ते, सगळ्यांना परवडेल अशी एक खोली हवी होती. मालकालाही घर विकायचं नव्हतं. दरमहा येणारं भाडं हेच त्याचं उत्पन्न. केशवजी नाईक या कच्छी व्यापाऱ्याच्या नावाच्या चाळीत मराठी बिऱ्हाडकरूंनी १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : मालक एका समाजाचा आणि भाडेकरू दुसऱ्या, हे इथे सुरुवातीपासून नेहमीचं होतं. शेजारच्या धोबीतलावावर गोव्यातल्या एकेका गावाने आपले कूड, म्हणजे सामायिक बिऱ्हाडं, उघडले, तिथे बोटीची वाट पाहणारा माणूस नाममात्र पैशांत खाटेपुरती जागा मिळवी.

त्या काळात खोलीला एकच किंमत होती, ती म्हणजे भाडं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गिरगावच्या कडेने रुंद रस्ते काढले, उत्तरेला सँडहर्स्ट रोड, दक्षिणेला प्रिन्सेस स्ट्रीट. हवा खेळती झाली, पण पाडलेल्या घरांतली माणसं उरलेल्या खोल्यांत शिरली आणि भाडी चढली. याच सुमारास मध्यमवर्गाने वेगळी वाटही शोधली. गिरगावला लागूनच असलेल्या गावदेवीत श्रीपाद सुब्बराव तल्माकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. नावातच समाज होता. शेजारी कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार सहकारी घरांना तेव्हापासून चिकटला, आणि त्याचा धागा पुढे येतो.

पहिल्या महायुद्धात भाडी इतकी वाढली की १९१८ साली सरकारने कायदा करून ती १ जानेवारी १९१६ च्या पातळीवर बांधली. तो कायदा पुढे संपला. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडलं. १९३९ आणि १९४४ चे कायदे आले आणि अखेर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० या तारखेला गोठवलं. कायदा तात्पुरता होता. फाळणीनंतर शहरात माणसं येतच होती, त्यामुळे मुदत वाढवत नेली आणि ती वाढत पन्नास वर्षं गेली. चाळीसच्या दशकात कारकुनाला रस्त्यावर येण्यापासून याच कायद्याने वाचवलं, हे विसरून आज त्याला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. पण महागाई चालत राहिली आणि भाडं थांबलं, तेव्हा खोलीची खरी किंमत भाड्याच्या पावतीतून निसटली. ती गेली पागडीत.

पागडीचा व्यवहार असा. खोली सोडणारा भाडेकरू नव्या माणसाकडून ठोक रक्कम घेतो, तिचा साधारण तिसरा हिस्सा मालकाला देतो आणि मालक भाड्याची पावती नव्या नावावर करतो. जागा मालकाची, ताबा भाडेकरूचा, भाडं जुनंच. १९४७ च्या कायद्यात अशी रक्कम घेणं गुन्हा होता, तरी व्यवहार राजरोस होत राहिले. घरात ‘पावती कुणाच्या नावावर’ हा प्रश्न सात-बाऱ्याइतका मोठा झाला. भावाभावांत अबोला यायचा तो त्यावरून. सून घरात आली की पोटमाळा पडायचा, मुलांची लग्नं झाली की एकाने विरार-डोंबिवलीला जायचं आणि एकाने पावती सांभाळायची.

मालकाचंही ऐकायला हवं. दहा-वीस रुपयांच्या भाड्यात छपराची कौलंसुद्धा बदलता येईनात. त्याने दुरुस्ती सोडली. भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणं जवळपास बंद झालं आणि बांधकामाचा पैसा मालकीच्या फ्लॅटकडे वळला. १९६० चा सहकारी संस्थांचा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा त्या वळणाच्या खुणा. गिरगाव जसंच्या तसं राहिलं याचं एक कारण हेही आहे. कमी भाड्यामुळे इथे शिक्षक, नर्स, छापखान्यातला कामगार, निवृत्त गायक, सगळे एका गॅलरीत टिकले. सामायिक नळ, मजल्याच्या टोकाचे संडास, पहाटेचं पाणी, दुपारी उघडी दारं. दारं उघडी असायची कारण आत उजेड नसायचा, हेही सांगायला हवं. चाळीच्या आठवणींत ते गळून जातं.

आणि इमारती कोसळू लागल्या. लाकडी वासे, समुद्राची खारी हवा, दर पावसाळ्यात गळणारी भिंत. १९६९ साली राज्याने कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं आणि भाडेकरूंकडून उपकर घेऊन दुरुस्ती सुरू केली. तेव्हा बेटावरच्या शहरात अशा उपकरप्राप्त १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. त्यांतल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. मंडळ पुढे म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात आलं. उपकराचे पैसे अपुरे पडले आणि अनेक ठिकाणी दुरुस्ती म्हणजे लाकडी टेकू एवढंच झालं. टेकूखालून शाळेत जाणारी मुलं गिरगावात दोन पिढ्यांनी पाहिली. ३१ ऑगस्ट २०१७ ला जवळच्या भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसं गेली. इमारत धोकादायक आहे हे आधीच माहीत होतं.

तिसरी किंमत जन्मली ती १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या कलमातून. उपकरप्राप्त इमारत पाडून भाडेकरूंना फुकट घर द्या, बदल्यात जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, घ्या आणि ती घरं विका. भाडेकरूला किमान २२५ चौरस फूट, पुढे ३०० चौरस फूट. संमती आधी ७० टक्क्यांची लागे, नंतर ५१ टक्के पुरेशी ठरली. भाड्याची पावती हे आता येणाऱ्या मालकीचं कूपन झालं. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाडं वर्षाला चार टक्के वाढवण्याची मुभा आहे आणि पागडी उघडपणे कायदेशीर आहे. पागडीचा दर तेव्हापासून खोलीच्या आजच्या सोयीवर ठरत नाही, बिल्डर कधी येणार यावर ठरतो. ‘प्रपोजल गेलंय’ एवढ्या दोन शब्दांनी आकडा फिरतो.

पुनर्विकासाची वाट लांब असते. खोली रिकामी करून माणसं कांदिवली-डोंबिवलीला भाड्याने जातात. बिल्डरने भाडं थांबवलं की मुलांची शाळा आणि आजीचा डॉक्टर दोन्ही सुटतात. ज्यांची इमारत म्हाडाने रिकामी केली ते संक्रमण शिबिरात, काही तिथेच म्हातारे झाले. घर मिळतं तेव्हा ते खरोखर चांगलं असतं, स्वतःचा संडास आणि चोवीस तास लिफ्ट. पण दोनशे रुपये भरणाऱ्या घराला आता दरमहा काही हजारांचा मेंटेनन्स येतो. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, तेवढा आधार. पेन्शनवर जगणाऱ्यांपैकी काही जण मिळालेला फ्लॅट विकून उपनगरात जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

विकत घेणारा कोण, हाही भाग आहे. ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न इमारतीभोवती हिऱ्यांचा व्यापार वाढला. २०१० साली बाजार बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, हलला तरी त्यातली बरीच कुटुंबं परिसरातच राहिली, देरासर म्हणजे जैन मंदिर जवळ म्हणून. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावात भुयारी मेट्रोचं स्थानक आहे, दर आणखी ताणले जाणार. नव्या इमारतींत मासे खाणाऱ्यांना घर नाकारल्याच्या तक्रारी वारंवार येतात. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा सहकारी संस्थेचा हक्क मान्य केला. १९१५ च्या गरजेतून आलेली ही सोय आज गिरगावात दार बंद करायला वापरली जाते, आणि मला ते सलतं. चाळीच्या मालकाने भाडेकरूची जात विचारलीच नाही असं नाही. पण एकदा पावती झाली की त्याला पुढे कुणी काय शिजवतो हे विचारता येत नव्हतं. खोताच्या वाडीतल्या पासष्टच्या आसपास घरांपैकी निम्मीही उरलेली नाहीत.

तिन्ही किमती समोरासमोर येतात त्या एका जुन्या तरतुदीत. १९८६ साली म्हाडा कायद्यात प्रकरण आठ-अ घालण्यात आलं : ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर राज्य उपकरप्राप्त इमारत संपादित करून त्यांच्या संस्थेला देऊ शकतं, मालकाला भरपाई मासिक भाड्याच्या शंभरपट. भाडं दोनशे असेल तर खोलीमागे वीस हजार रुपये. त्याच जमिनीवर उभ्या राहणाऱ्या ३०० चौरस फुटांच्या घराला पन्नास हजारांच्या दराने दीड कोटी. मालकांच्या संघटनेने याला आव्हान दिलं आणि खटला १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात राहिला. ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती, म्हणजे राज्याने सर्वांच्या हितासाठी वाटावी अशी मालमत्ता, ठरत नाही असा निकाल दिला. प्रकरण आठ-अ स्वतः टिकतं की नाही, हे मात्र त्या निकालात ठरलेलं नाही.