वेस्ट आणि वेस्टर्न: कॉशकोनाँगच्या दोन चर्चची पार्श्वभूमी

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या आग्नेयेला, शेतांच्या मधोमध, वेस्ट कॉशकोनाँग आणि वेस्टर्न कॉशकोनाँग अशी दोन लुथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतली प्रॉटेस्टंट) चर्च आहेत. नवख्याला वाटेल एकाच चर्चचं नाव कुणीतरी दोनदा लिहिलंय. तसं नाही, चर्च खरंच दोन आहेत आणि मागे भलंमोठं भांडण आहे.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. 1840 पासून इथे नॉर्वेजियन शेतकरी यायला लागले, 2 सप्टेंबर 1844 ला नॉर्वेहून आलेल्या एका तरुण पाळकाने ओकच्या झाडाखाली उपासना घेतली आणि वर्षाच्या आत ओंडक्यांची दोन साधी चर्च उभी राहिली, एक पूर्वेला एक पश्चिमेला. पाळक कडक होता. सभासद व्हायचं तर चार अटी कबूल करा, त्यात नॉर्वेच्या चर्चचे विधी आणि पाळकाची आज्ञा पाळणं आलंच. घरची सरकारी चर्च मागे टाकून आलेल्यांपैकी काहींना हे पटणं कठीणच होतं.

खरा राडा 1880 च्या दशकातला. आपल्याकडे सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, नव्हती म्हणून या नॉर्वेजियन लोकांच्या चर्चसंस्थेने आधी पोरं सेंट लुईसच्या जर्मन लुथरन सेमिनरीत शिकायला पाठवली होती, आणि तिथला विचार पाळकांसोबत गावात आला. प्रश्न असा की देव तारणासाठी माणसं निवडतो ती कशाच्या आधारावर? जर्मन बाजू म्हणायची की केवळ कृपेने, माणसात काहीही न बघता, विश्वाससुद्धा त्या निवडीतूनच येतो. दुसरी बाजू म्हणायची की कोण विश्वास ठेवणार हे देवाला आधीच दिसतं आणि ते बघून तो निवडतो. हे दुसरं म्हणणं 1737 च्या एका प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात होतं, प्रश्न क्रमांक 548, आणि ते पुस्तक लहानपणी पाठ केलेलं असल्यामुळे शेतकऱ्याला वाटणारच ना की पाळक आपल्या आईबापांचाच धर्म चुकीचा ठरवतोय. कुणी याला पंडितांचा वाद म्हणतं, मला नाही पटत, नांगर धरणारे लोक यावर मंडळीच्या बैठकांमध्ये भांडत होते. 1887 च्या आसपास जवळपास तिसरा हिस्सा या चर्चसंस्थेतून बाहेर पडला, ठिकठिकाणी मंडळ्या फुटल्या, चर्चची इमारत कुणाची यावरून वाद झाले. कॉशकोनाँगही फुटलं.

1912 मध्ये दोन्ही बाजूंमध्ये तडजोड झाली, तीही जवळच्याच मॅडिसनमध्ये, आणि त्यात दोन्ही मतं चालतील असं ठरलं. त्यावर 1917 चं नॉर्वेजियन लुथरन संस्थांचं मोठं विलीनीकरण उभं राहिलं. पण दोन उलट मतं एकाच कागदावर कशी मान्य करायची, असं म्हणणारा एक छोटा गट राहिलाच, त्याने 1918 मध्ये आयोवात वेगळी संस्था काढली, आणि वेस्टर्न कॉशकोनाँग त्या बाजूला आहे, वेस्ट विलीनीकरणातून झालेल्या मोठ्या संस्थेच्या बाजूला. मोठ्या संस्थेने 1918 ला नावातून 'नॉर्वेजियन' काढायचं ठरवलं, महायुद्धामुळे परक्या भाषांकडे संशयाने बघितलं जात होतं तेव्हा, 1920 ला तो ठराव फिरवला आणि शेवटी 1946 ला शब्द काढलाच. 1988 पर्यंत अजून दोन विलीनीकरणं झाली. छोटी संस्था या कशातही सामील झाली नाही, त्यामुळे पश्चिमेची चर्च आजही दोनच आहेत.