अर्जेंटिनाची लढाऊ विमाने : चार दशके रखडलेले नूतनीकरण

डिसेंबर २०२५ मध्ये डेन्मार्कच्या हवाई दलात सेवा बजावलेली सहा अमेरिकन बनावटीची एफ-१६ विमाने अर्जेंटिनातील रिओ कुआर्तो येथे उतरली आणि त्या देशाच्या हवाई दलाला दहा वर्षांनी पुन्हा स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, लढाऊ विमाने मिळाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये तांदिलच्या तळावर शेवटची मिराज विमाने निवृत्त झाली, तेव्हा त्यांची जागा घेणारे एकही विमान हाती नव्हते. सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर विस्ताराच्या देशावर असा प्रसंग का आला, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

विमाननिर्मिती या देशाला नवी नव्हती. कोर्दोबा येथील कारखाना १९२७ पासून चालू होता आणि १९४७ मध्ये तेथे तयार झालेले ‘पुल्की’ हे लॅटिन अमेरिकेतील पहिले जेट विमान होते. त्यानंतरच्या ‘पुल्की-२’चे रचनाकार कुर्ट टांक हे जर्मन अभियंते पुढे भारतात आले आणि बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये त्यांनी ‘मारुत’ हे लढाऊ विमान घडवले. अर्जेंटिनात मात्र ‘पुल्की-२’ कधीच नियमित उत्पादनापर्यंत पोहोचले नाही आणि हवाई दलाची भिस्त परदेशी विमानांवरच राहिली : अमेरिकेची स्कायहॉक, फ्रान्सची मिराज आणि इस्रायलकडून घेतलेली ‘डॅगर’.

याच विमानांनिशी हे हवाई दल दक्षिण अटलांटिकमधील बेटांवरून ब्रिटनशी झालेल्या १९८२ च्या फॉकलंड युद्धात, म्हणजे अर्जेंटिनाच्या भाषेत माल्विनास युद्धात, उतरले होते. २५ मे १९८२ रोजी स्कायहॉक विमानांनी ‘कॉव्हेंट्री’ ही ब्रिटिश विनाशिका बुडवली. वैमानिकांचे शौर्य प्रतिस्पर्ध्यांनीही मान्य केले, परंतु विमानांची हानी प्रचंड झाली आणि ती कधीच पुरती भरून निघाली नाही. १९९० मध्ये ब्रिटनशी राजनैतिक संबंध पूर्ववत झाले, तरी लष्करी सामग्रीवरील ब्रिटिश निर्बंध कमीअधिक कठोर होत कायम राहिले. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलाची ३६ जुनी स्कायहॉक विमाने आधुनिक करून घेण्यात आली. नूतनीकरणाचा तेवढा एकच मोठा प्रयत्न तडीस गेला.

ब्रिटनचा नकार दक्षिण अटलांटिकपुरताच मर्यादित राहिला असता, तर त्यावर मार्ग निघाला असता. अडचण अशी की आधुनिक लढाऊ विमान बहुधा एका देशाचे नसतेच. आणीबाणीत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारे आसन, म्हणजे इजेक्शन सीट, जगातील असंख्य विमानांत मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीचेच असते आणि ब्रिटिश बनावटीचा भाग असलेले विमान विकायचे, तर लंडनची परवानगी लागते. २०१४ मध्ये ब्राझीलमार्फत स्वीडनची ग्रिपेन विमाने घेण्याचा विचार याच कारणाने मागे पडला. २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या कंपनीने ब्रिटिश सुट्या भागांमुळे एफए-५० ही हलकी लढाऊ विमाने देणे शक्य नसल्याचे कळवले. फ्रान्सकडून घेतलेली पाच सुपर एतांदार विमाने नौदलाकडे २०१९ मध्ये पोहोचलीसुद्धा, पण त्यांच्या आसनांसाठी लागणारी स्फोटक काडतुसे न मिळाल्याने ती जमिनीवरच अडकली. ऑगस्ट २०२२ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांच्या ब्वेनोस आइरेस भेटीत अर्जेंटिनाच्या हवाई दलाने तेजसमध्ये दाखवलेल्या स्वारस्याची नोंद झाली, परंतु तेजसमधील आसनही मार्टिन-बेकरचेच आहे.

तरीही सगळा दोष लंडनच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. मिराज म्हातारी होत आहेत, हे प्रत्येक सरकारला माहीत होते. चलनवाढ आणि कर्जाच्या पेचांत संरक्षण खर्च सर्वांत आधी कापला गेला, स्पेनची जुनी मिराज एफ-१ आणि इस्रायलची क्फिर यांच्या वाटाघाटी सुरू होऊन सोडून दिल्या गेल्या आणि चीन-पाकिस्तानच्या जेएफ-१७ लढाऊ विमानांसाठी २०२२ च्या अंदाजपत्रकाच्या मसुद्यात ६६.४ कोटी डॉलर दाखवूनही निर्णय झाला नाही. त्याची किंमत वैमानिकांनी मोजली : ऑगस्ट २०२० मध्ये एका स्कायहॉकच्या अपघातात वैमानिकाचा मृत्यू झाला.

जेएफ-१७ च्या निमित्ताने चीन दक्षिण अमेरिकेत पाय रोवील, ही शक्यता वॉशिंग्टनला अस्वस्थ करणारी होती. त्याच सुमारास एफ-३५ ही नवी विमाने येऊ लागल्यामुळे डेन्मार्कची एफ-१६ मोकळी होत होती आणि त्यांतील इजेक्शन सीट अमेरिकन असल्याने जुनी अडचण येथे आड येत नव्हती. अमेरिकेने हस्तांतरणाला संमती दिली, अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांच्या सरकारने १६ एप्रिल २०२४ रोजी २४ विमानांचा करार केला आणि अमेरिकेने ४ कोटी डॉलरचे लष्करी साहाय्य देऊ केले.

ही विमाने मुळात १९८० च्या दशकातील आहेत, जरी मधल्या काळात त्यांचे रडार व इलेक्ट्रॉनिक्स अद्ययावत झाले असले, तरी. त्यामुळे त्यांच्यानंतर काय, हा प्रश्न फार दूरचा नाही. तूर्तास उरलेल्या विमानांच्या तुकड्या येणे, तांदिलचा तळ सज्ज होणे आणि दशकभर स्वनातीत विमानांपासून दूर राहिलेल्या वैमानिकांचे व तंत्रज्ञांचे प्रशिक्षण पुरे होणे, ही कामे बाकी आहेत.