पालक-शिक्षक संपर्क (प्राथमिक वर्ग, बडोदे)

पालक-शिक्षक संपर्क : वर्गात सध्या काय शिकवले जात आहे, मुलाला त्यातले किती जमते आहे आणि घरी कोणता अभ्यास करायचा आहे, हे शाळेने पालकांना वेळोवेळी कळवण्याची रीत. पहिली ते पाचवीच्या वर्गांत तिचे महत्त्व विशेष आहे. वरच्या वर्गातली मुले परीक्षा, वेळापत्रक, राहिलेला अभ्यास स्वतः सांगू शकतात. सात वर्षांचे मूल मात्र ‘आज काय शिकलास?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर देते, आणि त्यात त्याची लबाडी नसते. बडोद्यात या व्यवहाराला भाषेचा पेचही जोडलेला आहे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, सलाटवाडा या जुन्या वस्त्यांतली मराठी कुटुंबे घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलतात. मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात जातात, आणि शाळेचा निरोप यांपैकी कोणत्या भाषेत येईल हे ठरलेले नसते.

कळवायच्या गोष्टी तीन असल्या तरी त्यांचे प्रमाण फार विषम आहे. गृहपाठाच्या सूचना रोज येतात. मूल नेमके कुठे अडते, हे सहामाही परीक्षेनंतरच्या सभेत दोन मिनिटांत उरकले जाते. वर्गात कोणता भाग कोणत्या रीतीने चालू आहे, हे तर बहुधा सांगितलेच जात नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बडोदे संस्थानात शाळा आणि पालक यांची कायद्याने गाठ पडली ती दंडाच्या निमित्ताने. सयाजीराव गायकवाड तिसरे (१८६३–१९३९) यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई, आणि तो वसूलही केला जाई. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा ठराव आणि १९११ मध्ये विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा जिवंत दाखला त्यांच्यासमोर होता. हिंदुस्थानात हे होणारच नाही, असे म्हणणाऱ्यांना तो पुरेसा अडचणीचा होता. मात्र या कायद्याचा सगळा भर हजेरीवर होता. शाळेने पालकाला विचारायचे ते ‘मूल का आले नाही’ एवढेच. आलेले मूल काय शिकले, हे सांगणे त्या चौकटीत बसत नव्हते.

पालक हा शिक्षणातला भागीदार आहे, हा विचार गुजरातेत रुजवण्यात गिजुभाई बधेका यांचा वाटा मोठा आहे. त्यांचे बालमंदिर १९२० मध्ये भावनगरला सुरू झाले. भावनगर हे बडोद्याहून वेगळे संस्थान, पण मराठी वाचकाला ही कथा परकी नाही, कारण ताराबाई मोडक तिथे गिजुभाईंच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि संघाची शिक्षणपत्रिका गुजरातीबरोबर मराठीतही निघू लागली. तिचा वाचक जितका शिक्षक, तितकाच पालकही होता. ही पत्रिका पालकांशी बोले ती मुलाला कसे समजून घ्यावे याबद्दल. आजच्या सूचनांत नेमकी तीच बाजू सर्वांत दुबळी आहे.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या गृहविज्ञान शाखेला जोडलेल्या चेतन बालवाडीमुळे बालशिक्षणाच्या अभ्यासाला शहरात कायमची जागा मिळाली.

कायदा आणि धोरण

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने (२००९) जुने नाते उलटे केले. आता कर्तव्य शिक्षकाकडे आले. कलम २४ नुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती व इतर आवश्यक माहिती त्यांना द्यायची. ‘नियमित’ म्हणजे किती वेळा, हे कायदा सांगत नाही. व्यवहारात बहुतेक ठिकाणी ते सत्राला एक-दोन सभांवर येऊन थांबते. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. बडोद्यात नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांना ते लागू आहे आणि या शाळांत मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. म्हणजे कागदावर तरी पालकांचा आवाज सरकारी शाळेत अधिक आहे. सूचनांचा पाऊस मात्र पडतो तो खासगी शाळांत.

गृहपाठाबाबत २०२० चे शालेय दप्तर धोरण स्पष्ट आहे : पहिली-दुसरीला गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्यातून जास्तीत जास्त दोन तास. रोजचा हिशेब केला तर हा वेळ अर्ध्या तासाच्या आतच राहतो. पहिलीच्या मुलाला रोज एक पान ‘लेसन’ लिहून आणायला सांगणाऱ्या शाळा हे धोरण वाचत नाहीत, हे उघड आहे. पण गृहपाठ नसला की ‘शाळेत काही शिकवतच नाहीत’ अशी तक्रार करणारे पालकही त्यात भागीदार आहेत. मुलाने घरी वही उघडली नाही तर पालकाकडे शिकण्याची दुसरी कोणतीच खूण उरत नाही, हे या तक्रारीचे खरे कारण. वर्गातल्या कामाची माहिती मिळू लागली तर गृहपाठाची ही मागणी बरीच उतरेल.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने (२०२०) सर्वांगीण प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली. त्यात शिक्षकाबरोबर मुलाने स्वतः आणि वर्गसोबत्यांनी केलेले मूल्यमापनही धरले आहे. हे पत्रक घर आणि शाळा यांना जोडणारा दुवा ठरावे आणि त्याच्या जोडीला पालकसभा असाव्यात, असे धोरण म्हणते.

गृहपाठाची सूचना आणि शिकण्याची माहिती

या दोहोंतला फरक वजाबाकीच्या एका उदाहरणातून दिसतो : ५२ वजा २७. तिसरीतली पुष्कळ मुले एककाच्या घरात ७ मधून २ काढतात, दशकाच्या घरात ५ मधून २ काढतात आणि ३५ लिहितात. मोठ्यातून लहान काढायचे, एवढेच त्यांच्या ध्यानात राहिलेले असते.

शाळेचा निरोप येतो : ‘गणित, पान ४२, उदाहरणे १ ते ८.’ घरी आजोबा वही पाहतात, उत्तर चुकलेले दिसते आणि ते आपली रीत शिकवतात : १२ मधून ७ गेले ५, हातचा १, २ आणि १ तीन, ५ मधून ३ गेले २. उत्तर २५, अगदी बरोबर. वर्गात मात्र बाई पाच दशकांतला एक दशक सुटा करून त्याचे दहा एकक करायला शिकवत असतात, त्यामुळे वरच्या ५ चे ४ होतात. एका रीतीत खालचा आकडा एकाने वाढतो, दुसरीत वरचा एकाने कमी होतो. दोन्ही रीती पक्क्या आहेत. मूल मात्र दोन्हींचा मान राखते : वर ४ घेते, खाली ३ घेते आणि १५ लिहून मोकळे होते. मग शाळेत ‘घरी लक्ष देत नाहीत’ आणि घरी ‘शाळेत नीट शिकवत नाहीत’ असे दोन निष्कर्ष एकाच संध्याकाळी निघतात.

याच जागी निरोप असा असता : ‘या आठवड्यात दोन अंकी वजाबाकी, दशक सुटा करून. घरी दहाच्या नोटा आणि एकाची नाणी घेऊन ५२ रुपयांतून २७ रुपये द्यायला सांगा. हातच्याची रीत सध्या दाखवू नका. उत्तर ३५ आले तर खोडू नका, तसेच वर्गात येऊ द्या.’ हे लिहायला शिक्षकाला पाच मिनिटे लागतात आणि ते आठवड्यातून एकदाच लिहायचे असते. यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. घरी दुरुस्त होऊन आलेली वही शिक्षकाला काहीच सांगत नाही. मुलाने स्वतः केलेली चूक मात्र नेमकी कोणती पायरी निसटली ते दाखवते.

वाचनाचेही असेच आहे. ‘धडा तिसरा वाचून येणे’ या सूचनेवर बहुतेक घरांत मूल धडा पाठ म्हणते आणि पालक समाधानी होतात. ‘मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून ती वाचायला सांगा’ असे कळवले, तर मूल अक्षरे वाचते आहे की आठवून म्हणते आहे, हे अर्ध्या मिनिटात समजते.

साधने

गृहपाठाची डायरी हे जुने आणि अजून टिकलेले साधन. तिचा दोष असा की फळ्यावरचे उतरवून घ्यायचे काम मुलाकडे असते. हळू लिहिणाऱ्या मुलाची नोंद अर्धीच राहते, आणि ज्याच्या घरी माहिती पोचणे सर्वांत गरजेचे, त्याचीच डायरी सर्वांत अपुरी असते. पालकांच्या सहीचा रकाना बहुतेक डायऱ्यांत असतो. सही म्हणजे वाचले असे शाळा धरून चालते. सकाळी रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत असताना केलेल्या सहीचा असा अर्थ काढणे धाडसाचे आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि प्राथमिक वर्ग दीड वर्षाहून अधिक काळ घरूनच चालले. गुजरातेत डीडी गिरनार वाहिनीवरून पाठ दाखवले जात. त्या काळात वर्गाचा व्हॉट्सॲप गट घरोघर पोचला तो कायमचा. निरोप तत्काळ पोचतो, फळ्याचा फोटो टाकता येतो, हा त्याचा फायदा. तोटे वापरणाऱ्यांना ठाऊक आहेत : ‘ओके मॅडम’च्या पंचवीस उत्तरांखाली मूळ सूचना गाडली जाते, आणि रात्री दहाला ‘उद्या पिवळा कागद आणायचा आहे’ असे कळले की खंडेराव मार्केटपासून मांडवीपर्यंत सगळी दुकाने बंद असतात. फक्त शिक्षकच लिहू शकतील असा गट ठेवला तर गोंधळ कमी होतो, पण पालकाला विचारायला वाट राहत नाही. तीही द्यायची तर फोनची एक ठरलेली वेळ जाहीर करणे हा साधा उपाय आहे. आणखी एक अडचण फोनच्या मालकीची. गटात नंबर वडिलांचा, फोन दिवसभर त्यांच्याबरोबर दुकानात किंवा मकरपुऱ्याच्या कारखान्यात, आणि अभ्यास घेणार आई किंवा आजी. प्रवेशाच्या वेळी ‘अभ्यास कोण घेते?’ असे विचारून त्या व्यक्तीचा नंबर घेतला तर हे टळते.

पालकसभा, जिला शहरात मराठी माणसेही ‘वाली मिटिंग’ (गुजरातीत वाली म्हणजे पालक) म्हणतात, तिचा खरा उपयोग व्हावा तर पालकाच्या हातात मुलाची दोन पाने हवीत : जूनमधले एक आणि दिवाळीच्या सुट्टीआधीचे एक. नुसत्या गुणांवर बोलणे खुंटते. पाने समोर असली की पालक स्वतःच फरक दाखवू लागतात. वेळही सोयीची लागते. नोकरी करणाऱ्याला कामाच्या दिवशी अकरा वाजताची सभा म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. आणि नवरात्रात सभा, चाचणी किंवा लांबलचक लेखी गृहपाठ ठेवू नये, हे बडोद्यात कोणालाही सांगावे लागू नये. गरबा मध्यरात्रीपर्यंत चालतो आणि त्या नऊ दिवसांतला गृहपाठ आईच्या अक्षरात येतो.

भाषेचा प्रश्न

गुजरात विधानसभेने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणे बंधनकारक आहे. त्यामुळे इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलालाही गुजराती वाचता-लिहिता यावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेल्या घरांना गुजराती बोलणे अवघड नाही. अडते ते लिहिण्यात. लग्न होऊन पुण्या-नाशिकहून किंवा जळगाव-धुळ्याकडून आलेल्या आईला शिरोरेघेशिवायची लिपी नवी असते, आणि मूल ‘क’ लिहिताना नेमके कुठे चुकले हे ती सांगू शकत नाही. दुसरीकडे, मराठी बोलणारी पण शाळा गुजरातीत शिकलेली आजी इंग्रजी सूचना वाचू शकत नाही. अशा घरांना लेखी निरोपापेक्षा शिक्षकाने बोलून पाठवलेला मिनिटभराचा निरोप अधिक उपयोगी पडतो. तो सावकाश बोललेल्या गुजरातीत असला तरी सगळ्यांना कळतो. लिपीच्या सरावासाठी अक्षर काढण्याची दिशा दाखवणारे एक पान वर्षाच्या सुरुवातीला घरी दिले तरी पुष्कळ काम होते.

संशोधन

शाळेतल्या पालकांच्या सहभागाचे सहा प्रकार अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॉइस एप्स्टाइन यांनी मांडले. त्यांत ‘कळवणे’ आणि ‘घरी शिकणे’ हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत, ही वरच्या विवेचनाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी बाब. हॅरिस कूपर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केलेल्या आढाव्यात गृहपाठ आणि यश यांचा संबंध माध्यमिक वर्गांत स्पष्ट, तर प्राथमिक वर्गांत क्षीण आढळला. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांच्या २०१५ च्या अभ्यासात शिक्षकांनी पालकांना दर आठवड्याला एका वाक्याचा व्यक्तिगत निरोप पाठवला, आणि अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण ४१ टक्क्यांनी घटले. कौतुकाच्या निरोपांपेक्षा ‘काय सुधारता येईल’ हे सांगणारे निरोप अधिक परिणामकारक ठरले. हा प्रयोग उन्हाळी वर्गातल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांवर झाला असल्याने तो तिसरीच्या वर्गाला जसाच्या तसा लावता येत नाही.

खासगीपणा

अठरा वर्षांखालील मुलांची डिजिटल माहिती हाताळण्यासाठी पालकांची संमती घ्यावी, असे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात म्हटले आहे. वर्गाच्या गटात मुलांचे फोटो, गुणांच्या याद्या आणि गैरहजरांची नावे सर्रास येतात. गृहपाठ आणि चालू पाठ सर्वांसाठी गटावर, आणि एकट्या मुलाबद्दलचे सर्व काही (गुण, वागणूक, फीची थकबाकी) त्याच्याच पालकाला, अशी विभागणी प्राथमिक शाळेला कोणत्याही खर्चाशिवाय करता येते.