आरोग्यात समता की समन्याय? वस्तीच्या पाहणीमागची पार्श्वभूमी

‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा १९७८ची. आरोग्यसेवेची पाहणी लोकांनीच करायची ही गोष्ट महाराष्ट्रात सरकारी कार्यक्रमात यायला मात्र २००७ उजाडलं. पुणे, ठाणे, नंदुरबार, उस्मानाबाद, अमरावती हे पहिले पाच जिल्हे. विदर्भातून एकटा अमरावती. गावच्या समितीने उपकेंद्राची, औषधांची, लसीकरणाची चौकशी करायची, तक्त्यात हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरायचा आणि तोच तक्ता जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवायचा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही लाल खूण वाचता येई. पद्धतीचं बळ त्यातच होतं.

शहरं मागे राहिली. शहरी आरोग्य अभियान मंजूर झालं २०१३ मध्ये. त्यातून ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती, अशी रचना नागपूरच्या वस्त्यांत आली.

अशाच एका वस्तीत आम्ही आरोग्यसेवेची पाहणी आखायला बसलो, तेव्हा गाडी अडली ती एका शब्दावर. ‘इक्विटी’ला कोणी समता लिहितं, कोणी समानता. दीक्षाभूमीच्या शहरात समता हा शब्द कोरा नाही. १९५६च्या कितीतरी आधीपासून तो इथल्या माणसाच्या तोंडी आहे आणि त्याचा अर्थ एकच: कोणी वर नाही, कोणी खाली नाही. ‘इक्विटी’चा रोख वेगळा, ज्याची गरज मोठी त्याला वाटा मोठा. त्यासाठी ‘समन्याय’ हा शब्द आपल्याकडे पाणीवाटपाच्या चळवळीने कधीच रुळवलाय, भूमिहीनालाही पाण्यात हक्क मागताना. मला तोच नेमका वाटतो. पण उत्तर नागपुरातल्या एका बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “समन्याय घ्या जी, पण समता काढू नका. उद्या गरजेच्या नावानं आमच्यासाठी वेगळी रांग लावाल.” त्यांची भीती पोकळ नव्हती. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथल्या दलित-आदिवासी घरांत जास्त आढळतो. त्या घरांतून रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं गेले. पुष्कळ आयांच्या हाती रिपोर्ट मात्र आलाच नाही. विशेष लक्ष म्हणजे काय, हे त्यांनी असं अनुभवलेलं. शेवटी आमच्या कागदावर दोन्ही शब्द राहिले. आणि एक अट आली: निष्कर्ष आधी वस्तीत वाचून दाखवायचा, मग बाहेर.

त्याच वस्तीत प्रश्नावलीही बदलली. आमचा प्रश्न होता, ‘आजारपणात सरकारी दवाखान्यात जाता का?’ धुणीभांडी करणाऱ्या एका ताईने तो खोडायला लावला. “मी घरी येतो तवा तो बंद असते. मी जात नाही असं कायले लिहिता?” नवा प्रश्न झाला, ‘तुम्ही कामावरून परतता तेव्हा दवाखाना उघडा असतो का?’ त्यापुढे घरामागून घर लाल खूण पडत गेली.

२०२३ मध्ये राज्यात दुपारी २ ते रात्री १० चालणारे दवाखाने सुरू झाले. पुढच्या फेरीत समितीच्या बायका रात्री ९ला तिथे जाऊन पाहणार आहेत, डॉक्टर खुर्चीत आहे का.