‘वॉर’: गाणं टेम्प्टेशन्सचं, नाव एडविन स्टारचं

१९७० च्या ऑगस्टअखेर ‘वॉर’ (म्हणजे युद्ध) हे युद्धविरोधी गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि तीन आठवडे तिथून हललं नाही. गायक होता एडविन स्टार. पण हेच गाणं त्याच वर्षी मार्चमध्ये ‘सायकेडेलिक शॅक’ या अल्बममधून येऊन गेलं होतं, तेही मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या लाडक्या गटाच्या, टेम्प्टेशन्सच्या आवाजात. त्यांचं गाणं दुसऱ्याकडे का गेलं, याचं कारण संगीतात कमी आणि धंद्याच्या हिशेबात जास्त सापडतं.

डेट्रॉइटच्या बेरी गॉर्डीने मोटाऊन उभी केली ती कृष्णवर्णीय गायकांची गाणी गोऱ्या घरांतही वाजावीत म्हणून. एकसारखे सूट, बसवलेली पावलं, न्यूयॉर्कच्या कोपाकबानासारख्या क्लबांत कार्यक्रम. राजकारण शक्यतो नकोच. पण जुलै १९६७ मध्ये खुद्द डेट्रॉइट वांशिक दंगलीत पेटलं, ४३ माणसं मेली. त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर स्लाय अँड द फॅमिली स्टोन हा गट सोल (कृष्णवर्णीयांचं भावगर्भ संगीत) आणि रॉक एकत्र घुसळत होता. निर्माता नॉर्मन व्हिटफिल्डने ती हवा ओळखली. १९६८ च्या ‘क्लाउड नाइन’पासून त्याने टेम्प्टेशन्सना प्रेमगीतांतून बाहेर काढलं, आणि मोटाऊनला पहिलं ग्रॅमी मिळालं ते याच गाण्यामुळे. त्याचा सहगीतकार बॅरेट स्ट्राँग. कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत ‘मनी’ गाऊन तिला पहिलं यश देणारा हाच!

या जोडीचं ‘वॉर’ पॉल विल्यम्स आणि डेनिस एडवर्ड्स यांनी गायलं. सूर बराचसा आवरलेला, मागे कवायतीची मोजणी. मग ३० एप्रिलला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हिएतनाम युद्धात शेजारच्या कंबोडियातही फौजा घुसवल्याचं जाहीर केलं आणि ४ मे रोजी केंट स्टेट विद्यापीठात, त्याविरुद्धच्या निदर्शनांत, नॅशनल गार्ड या राखीव सैन्याच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमबाहेर स्वतंत्र रेकॉर्डवर काढा, अशी मागणी कॉलेजांतून होतच होती. पण टेम्प्टेशन्सचा सनातनी श्रोता बिथरला तर? कंपनीला तो धोका नको होता आणि पुरतं हे गाणं सोडवतही नव्हतं.

एडविन स्टार स्वतःहून पुढे आला. १९६८ मध्ये गॉर्डीने रिक-टिक ही छोटी कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर तो मोटाऊनमध्ये आलेला. ‘ट्वेंटी-फाइव्ह माइल्स’ सोडलं तर तिथे मोठं काही नावावर नव्हतं. थोडक्यात, त्याचं बिघडलं तरी कंपनीचं फारसं बिघडणार नव्हतं. व्हिटफिल्डने गाणं नव्याने बांधलं: ब्रासचे तडाखे, स्टारचा गुरगुरता आवाज आणि कोरसला मोटाऊनचेच ओरिजिनल्स व अनडिस्प्युटेड ट्रुथ हे गट. माझ्या मते टेम्प्टेशन्सचं ‘वॉर’ युद्धावर टीका करतं, स्टारचं थेट जाब विचारतं. टेम्प्टेशन्सना त्याऐवजी ‘बॉल ऑफ कन्फ्यूजन’ मिळालं. जगातल्या सगळ्या गोंधळाची यादी, पण बोट कुणा एकावर नाही. तेही तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. गंमत म्हणजे याच मोटाऊनने त्याच वर्षी ‘ब्लॅक फोरम’ या लेबलवर मार्टिन ल्यूथर किंग यांचं व्हिएतनाम युद्धाविरोधातलं प्रवचन प्रसिद्ध केलं.

एकच गाणं दोन गटांकडून गाऊन घेण्याची व्हिटफिल्डला सवयच होती. टेम्प्टेशन्सचं बारा मिनिटांचं ‘स्मायलिंग फेसेस समटाइम्स’ १९७१ मध्ये अनडिस्प्युटेड ट्रुथने छोटं करून गाजवलं. पुढच्या वर्षी उलट झालं: ‘पापा वॉज अ रोलिन’ स्टोन’ अनडिस्प्युटेड ट्रुथने आधी गायलं, पहिल्या क्रमांकावर नेलं टेम्प्टेशन्सनी.

‘वॉर’ पुढे १९८४ मध्ये ब्रिटनच्या फ्रँकी गोज टू हॉलीवूडने गायलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्ये गायलेली आवृत्ती १९८६ मध्ये सिंगल म्हणून निघाली आणि आठव्या क्रमांकावर गेली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर क्लिअर चॅनल या रेडिओ कंपनीत ‘सध्या जपून वाजवा’ अशा दीडशेहून अधिक गाण्यांची यादी फिरली. ती सक्ती नव्हती, सूचना होती. ‘वॉर’ तिच्यात होतं, स्टारचंही आणि स्प्रिंगस्टीनचंही.